मॉस खालच्या दर्जाचं आणि लांडगा वरच्या दर्जाचा, हे कुणी ठरवलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे मला माहितीये, पण विषय दोन ओळीत बसणारा नाहीये म्हणून आधीच क्षमा मागते आणि सुरू करते.

माझी भाची नववीत आहे. तिला शाळेत प्रोजेक्ट होता, कुठलीही एक वनस्पती आणि कुठलाही एक प्राणी घ्या आणि दोघांची तुलना करा. बाकीच्या मुलांनी गुलाब-ससा, सूर्यफूल-मांजर असं काय काय घेतलं आणि हिने फ्युनारिया नावाचं मॉस, म्हणजे ओल्या भिंतीवर उगवणारं मखमली हिरवं, घेतलं आणि समोर करडा लांडगा. चार पानं मन लावून लिहिली, चित्रं काढली. वही परत आली तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलेलं होतं, "कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी. मॉस ही खालच्या दर्जाची वनस्पती, लांडगा वरच्या दर्जाचा प्राणी. तुलना होत नाही." आणि मार्क कापलेले. मार्कांचं मला काही नाही, मार्क काय आज कमी उद्या जास्त. पण ती मला म्हणाली मावशी, खालच्या दर्जाची म्हणजे नक्की काय गं, आणि मी एका कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं असिस्टंट आहे, हजारो स्लाइड्स केल्यात, तरी मला त्याचं सरळ उत्तर देता येईना. कारण उत्तरच नाहीये. आणि त्याच आठवड्यात आपल्या पुरवणीतही मॉसबद्दल "आदिम, अप्रगत" असे शब्द छापून आलेले वाचले, मग म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आधी शब्दांचं बोलते, कारण गोंधळ तिथूनच चालू होतो. मराठीत आपण भिंतीवरचं हिरवं दिसलं की शेवाळ म्हणतो, पाण्यावरचं हिरवं दिसलं की तेही शेवाळच. पाण्यातलं ते शैवाल, त्याला धड खोड नाही पान नाही, आणि भिंतीवरचं मखमलीसारखं जे असतं ते बहुतेक वेळा मॉस, त्याला इवलंसं खोड आणि खरीखुरी दिसणारी पानं असतात. दगडावर पापुद्र्यासारखं करडं चिकटलेलं असतं ते तर तिसरंच, ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी असते, त्याला दगडफूल म्हणतात. पण बोलताना सगळं एकाच पोत्यात. आणि हा गोंधळ फक्त वनस्पतींचाच नाही हं. गोष्टीच्या पुस्तकात जो धूर्त कोल्हा असतो तो इंग्रजी गोष्टीतला असला तर खरं म्हणजे तो खोकड असतो, आणि तरसाला तर कितीतरी लोक लांडग्याचाच भाऊ समजतात, तो श्वानकुळातला नाहीच मुळी, नात्यानं मांजरांच्या जास्त जवळचा आहे. फरक एवढाच की लांडग्याला कुणी तरस म्हटलं तर दहाजण चूक काढतात आणि मॉसला शेवाळ म्हटलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

भाचीच्या तक्त्यात पहिली ओळ होती दातांची. टीचरनी त्यावरच मोठी फुली मारली होती, मॉसला दात कुठून आले म्हणून. तर आहेत, मॉसला दात आहेत, वनस्पतीशास्त्रात त्यांना दातच म्हणतात. फ्युनारियाच्या हिरव्या रोपाची उंची जेमतेम एक सेंटीमीटर, त्याच्या डोक्यातून एक लांब बारीक दांडी वर येते आणि दांडीच्या टोकाला पेअरच्या फळासारखी, एका बाजूला झुकलेली कॅप्सूल लटकते. तिच्यात बीजाणू असतात, म्हणजे ज्यांतून नवं मॉस उगवतं ते धुळीसारखे कण. कॅप्सूल पिकली की तिचं झाकण गळून पडतं आणि आत तोंडापाशी दातांच्या दोन कड्या दिसतात, बाहेरच्या कडीत सोळा आणि आतल्या कडीत सोळा, असे बत्तीस. मी प्रॅक्टिकलच्या आधी नेहमी एक कोरडी कॅप्सूल भिंगाखाली ठेवते आणि मुलांना सांगते तोंड जवळ नेऊन हळूच एक श्वास सोडा. श्वासातला ओलावा लागतो न लागतो तोच ते लालसर दात हलायला लागतात, एकमेकांकडे झुकतात आणि तोंड बंद होतं, आणि परत कोरडं झालं की उघडतं. बावीस वर्षं दाखवतेय, अजूनही मुलं दचकून मागे सरकतात. ते दात जिवंत पण नसतात, मेलेल्या पेशींच्या भिंतींचे उरलेले तुकडे आहेत ते, पण काम चोख करतात, हवा दमट असली की बीजाणू बाहेर जाऊ द्यायचे नाहीत आणि कोरडी असली की थोडे थोडे सोडायचे. दांडीसुद्धा हवेतल्या ओलाव्याप्रमाणे पीळ घेते आणि सोडते. फ्युनारिया हे नाव दोरीसाठीच्या लॅटिन शब्दावरून आलंय, आणि पुढचं हायग्रोमेट्रिका म्हणजे ओलावा मोजणारी.

आणि आमच्याच लॅबच्या कपाटात लांडग्याची एक जुनी कवटी आहे. बेचाळीस दात, वरती वीस खालती बावीस. पुढचे सुळे बघून सगळे घाबरतात पण खरी करामत मागे आहे, वरच्या जबड्याचा शेवटचा उपदाढेचा दात आणि खालच्या जबड्याची पहिली दाढ, हे दोन कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांना घासून जातात. मी जबडा हातानं हळू मिटवून दाखवते, कागदाची पट्टी मध्ये धरली की ती कापली जाते. आता सांगा, बत्तीस दात बीजाणू सोडण्यासाठी आणि बेचाळीस दात मांस कापण्यासाठी, दोन्हीकडे आकार आणि काम यांचा इतका नेमका मेळ, आणि नववीतल्या मुलीनं ते एका ओळीत शेजारी शेजारी मांडलं, यात चुकलं काय? मला तर तिच्या डोक्याचं कौतुक वाटलं.

खाण्यापिण्याचं सगळ्यांना माहिती असतं, मॉस उन्हावर अन्न बनवतं, लांडगा शिकार करतो आणि त्याचे बहुतेक प्रयत्न फसतात, त्यावर जास्त लिहीत नाही. खरा फरक जो आहे तो पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जातो आणि कुणाला कळत नाही. लांडग्याच्या अंगातल्या पेशीत गुणसूत्रांचे, म्हणजे जीन्स ज्यांवर असतात त्या धाग्यांचे, दोन संच असतात, एक आईचा एक बापाचा, एकूण ७८ गुणसूत्रं. फक्त शुक्राणू आणि अंडपेशीत एकच संच, ३९. मॉसचं उलटं आहे. आपल्याला जे हिरवं रोप दिसतं, जे महिनोन्महिने जगतं, पानं काढतं, त्याच्या प्रत्येक पेशीत एकच संच असतो. दोन संचांचा भाग म्हणजे ती वरची दांडी आणि कॅप्सूल, जी आईच्या डोक्यावरच उगवते आणि तिथेच संपते. मी मुलांना असं सांगते की समजा लांडग्याचं आयुष्य मॉससारखं असतं, तर शुक्राणू आणि अंडपेशी तयार करणारं एक वेगळंच शरीर रानात वर्षभर फिरलं असतं आणि ज्याला आपण लांडगा म्हणतो तो त्या शरीराच्या पाठीवर चिकटलेला एक छोटासा तात्पुरता जीव असता. हे ऐकल्यावर वर्ग एकदम शांत होतो. विल्हेल्म हॉफमाइस्टर नावाच्या जर्मन माणसानं १८५१ साली हे पिढ्यांचं आलटून पालटून येणं नीट मांडलं, रीतसर कॉलेजचं शिक्षण नसलेला, घरच्या पुस्तकाच्या धंद्यात काम करणारा माणूस होता तो, डोळे अधू, पहाटे उठून मायक्रोस्कोपला बसायचा.

आता जी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते ती. मॉसचा शुक्राणू पोहतो. त्याला दोन शेपट्या असतात आणि तो पाण्याच्या थेंबातून, दवाच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जातो, म्हणून तर या वनस्पतींना वनस्पतींमधले उभयचर म्हणतात. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञानं १८८४ च्या सुमाराला दाखवलं की मॉसचे शुक्राणू साखरेकडे ओढले जातात. लांडग्याचा शुक्राणूही पोहतो, त्याला एक शेपटी. आणि या दोन्ही शेपट्या आडव्या कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर आत तीच रचना, कडेनं नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मध्ये दोन नळ्या. गुलाबाच्या शुक्राणूला शेपटीच नाही, फुलझाडांनी ती कधीच सोडून दिली, त्यांचं काम परागकणातून निघणारी नळी, परागनलिका, करते. म्हणजे या एका बाबतीत मॉस हे गुलाबापेक्षा लांडग्याच्या जवळ आहे! अब्जावधी वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी एकपेशीय पूर्वजाकडून आलेला हा वारसा दोघांनी जपलाय. तुलना होत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

आईपणाचंही तसंच. लांडगी ६३ दिवसांच्या आसपास पोटात पिल्लं वाढवते, पिल्लं आंधळी बहिरी जन्मतात, गुहेत राहतात, दोन आठवड्यांच्या सुमाराला डोळे उघडतात. नंतर मोठे लांडगे शिकारीवरून परत आले की पिल्लं त्यांचं तोंड चाटतात आणि मोठे पोटातलं मांस ओकून त्यांना भरवतात, नुसते आईबाप नाही, आधीच्या वर्षीची भावंडंही भरवतात. हे सगळं टीव्हीवर दिसतं, आपल्याला गहिवरून येतं, यावंच. आता फ्युनारिया बघा. कोवळी कॅप्सूल वर येत असते तेव्हा तिच्या टोकावर एक टोपी असते. ही टोपी त्या पिल्लाची नाही, ती आईच्या शरीराची आहे, एकाच संचाच्या पेशींची, आईचा तुकडा तुटून लेकराच्या डोक्यावर राहिलेला. २०१३ मध्ये याच फ्युनारियावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शास्त्रज्ञांनी या टोपीवरचा मेणासारखा थर काढून टाकला आणि मग रोपांना कोरडं पडू दिलं. तर झालं काय की कोवळ्या टोकाला इजा झाली, जास्त कॅप्सूल मेल्या, ज्या जगल्या त्यातल्या बऱ्याच जणींचे दात अर्धवट झाले आणि बीजाणूही कमी तयार झाले. आईच्या अंगचा एक पातळ थर, डोळ्यांना न दिसणारा, तो नव्हता तर लेकराचे दात नीट आले नाहीत. मला हे वाचलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं. आई म्हणून मॉसला काही वाटतं असं मी म्हणत नाहीये, पण लेकराला सुकू न देणं हे काम दोघीही करतात, एक गुहेनं आणि दुधानं, दुसरी टोपीनं.

आणखी एक जोडी सांगते, ही भाचीच्या प्रोजेक्टमध्ये नव्हती, मी तिला नंतर सांगितली.

अमेरिकेत लेक सुपीरियरमध्ये आयल रॉयल नावाचं बेट आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी गोठलेल्या तळ्यावरून मोजके लांडगे चालत तिथे पोचले, १९५८ पासून त्यांचा सलग अभ्यास चालू आहे. १९८० मध्ये ते ५० झाले होते, मग कुत्र्यांच्या पार्वो व्हायरसनं पडझड झाली, पण त्याहून मोठं दुखणं आतलं होतं. आपसातच जोड्या लागत गेल्या. दोन संच असले की एक खराब जीन दुसऱ्या चांगल्या जीनच्या आड लपून राहतो, पिढ्यानपिढ्या दिसत नाही, आणि जवळच्या नात्यात पिल्लं झाली की दोन खराब जीन्स एकत्र येतात आणि मग दिसतो. या बेटावरच्या लांडग्यांचे सांगाडे तपासले तेव्हा निम्म्याहून जास्त सांगाड्यांत पाठीच्या कण्यात जन्मजात दोष निघाले. २०१६ पर्यंत बेटावर फक्त दोन लांडगे उरले, एक नर आणि एक मादी, आणि ते बापलेक होते आणि एकाच आईची अर्धी भावंडंही. दोन वर्षं तेच दोघं. शेवटी २०१८ आणि २०१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले.

आणि हे दुसरं. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रॅन्सडेन वूड नावाच्या जंगलातून व्हाइटहाउस नावाच्या शास्त्रज्ञानं एक मॉस गोळा केलं, फ्युनारियाच्याच कुळातलं, तेव्हा त्याला फिस्कोमिट्रेला म्हणायचे, आता फिस्कोमिट्रियम पेटन्स म्हणतात. त्याच्या एका बीजाणूपासून रोप वाढवलं. एका. आणि जगभरच्या लॅबमध्ये आज ज्या मॉसवर प्रयोग होतात त्यातलं बरंचसं त्या एका बीजाणूची संतती आहे. एका जिवापासून सगळं गणगोत! लांडग्यांना मोजके पूर्वज असले तर पाठीचा कणा वाकडा झाला आणि मॉसला एक पूर्वज असून साठ वर्षं चाललंय, का? कारण हिरव्या रोपात संच एकच. खराब जीनला लपायला जागाच नाही. जो काय दोष असेल तो त्याच रोपात लगेच उघडा पडतो आणि ते रोप मागे पडतं. त्यामुळे एकाच रोपाचा शुक्राणू त्याच रोपाच्या अंडपेशीला मिळाला, म्हणजे नात्यातलं नातं याच्यापेक्षा जवळचं काही असूच शकत नाही, तरी कॅप्सूल ठणठणीत येते. अर्थात वर्षानुवर्षं लॅबमध्ये नुसते तुकडे करून करून वाढवल्यामुळे या ग्रॅन्सडेन वंशातल्या काही शाखांच्या शुक्राणूंच्या शेपट्यांमध्ये बिघाड आलाय, त्या पोहायलाच कमी पडतात, हेही सांगितलं पाहिजे. न वापरलेलं हत्यार गंजतं, मॉसचंही.

आता मला कुणीतरी सांगावं की यात वरचा दर्जा कुणाचा. एका परीक्षेत लांडगा अडकला, त्यात मॉस सहज पास झालं. दुसऱ्या परीक्षेत उलटं होईल. ओआर-७ नंबरचा पट्टा गळ्यात घातलेला लांडगा २०११ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातलं आपलं कुटुंब सोडून निघाला आणि चालत चालत कॅलिफोर्नियात गेला, १९२४ नंतर त्या राज्यात नोंदलेला तो पहिला रानटी लांडगा, हे काही मॉसच्या रोपाला जमणार नाही. पण रान जळून काळं पडलं की त्या राखेवर सगळ्यात आधी येणाऱ्यांत फ्युनारिया असतं, कारण त्याचे बीजाणू वाऱ्यावर आधीच पोचलेले असतात, जिथे ना उंदीर उरलाय ना हरीण, तिथे लांडगा येऊन करणार काय.

जीन्सची मोजणीही सांगते कारण लोकांना आकडे आवडतात. २००५ मध्ये कुत्र्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएची अक्षरं, प्रसिद्ध झाला, टाशा नावाच्या एका बॉक्सर जातीच्या कुत्रीचा, आणि कुत्रा म्हणजे जीन्सच्या दृष्टीनं लांडगाच. त्यात १९,३०० च्या आसपास जीन्स मोजले गेले. २००८ मध्ये वर सांगितलेल्या मॉसचा जीनोम आला, त्यात जवळजवळ ३६ हजार. डीएनएची एकूण लांबी मात्र कुत्र्याची कितीतरी जास्त, २४० कोटी अक्षरं, मॉसची ५० कोटींच्या आत. यावरून मॉस श्रेष्ठ असं मी अजिबात म्हणत नाहीये, नंतर मोजण्या सुधारल्या की आकडे थोडे खालीवर होतातच, मुद्दा एवढाच की "साधं" "सोपं" म्हणून ज्याला बाजूला सारलं त्याच्या पेशीत काय काय सामान भरलेलं आहे ते बघा तरी. आणि आदिम म्हणणं तर साफ चूक आहे. आज भिंतीवर आहे ते मॉस आजचं आहे. मॉस आणि लांडगा यांचा पूर्वज एक होता, त्याच्यापासून आजपर्यंत जेवढा काळ लांडग्याच्या वाटेनं गेला बरोबर तेवढाच मॉसच्या वाटेनं गेला, एक दिवस कमी नाही. श्वानकुळाचे जुन्यात जुने जीवाश्म साधारण ४ कोटी वर्षांपूर्वीचे, मॉसचं घराणं त्याच्या कितीतरी आधीपासून जमिनीवर आहे, पण घराणं जुनं म्हणजे आजचा माणूस मागासलेला असं आपण कुठल्याही घराण्याबद्दल म्हणतो का?

मला वाटतं शिडीची सवय आपल्याला लागलीये. प्रत्येक ठिकाणी कोण वर कोण खाली हे आधी विचारायचं. लांडग्यांच्या बाबतीतही हेच झालं. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणीसंग्रहालयात पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं, ते एकमेकांशी भांडत होते, त्यावरून कळपात एक वरचा, त्याच्याखाली बाकीचे असं चित्र उभं राहिलं. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये आपल्या पुस्तकात तेच "अल्फा", म्हणजे कळपातला सगळ्यात वरचा, पुढे नेलं आणि जगभर ते पसरलं. नंतर त्याच मेक यांनी रानातल्या मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानात कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांत झालेली पिल्लं, पुढे कोण चालतं तर आईबाप, त्यात लढून मिळवलेलं राज्य वगैरे काही नसतं. त्यांनी प्रकाशकाकडे कितीतरी वर्षं मागणी केली की माझं ते जुनं पुस्तक छापणं थांबवा. आपलंच वाक्य चुकलं म्हणून इतकं मागे लागणारा माणूस विरळा. पण अल्फा हा शब्द अजून लोकांच्या तोंडातून जात नाही, आपल्या पेपरातही लांडग्यांच्या बातमीत तो दर वेळी असतो, कृपया हेही बघा. जशी लांडग्यांच्या आत शिडी नव्हती आणि आपण लावली तशीच मॉस आणि लांडगा यांच्यामध्येही आपणच लावलीये. डार्विननंसुद्धा वाचत असलेल्या एका पुस्तकाच्या समासात स्वतःसाठी टीप लिहिली होती की वरचा-खालचा हे शब्द कधी वापरायचे नाहीत. त्याला स्वतःला ते नेहमी पाळता आलं नाही, इतकी ही सवय चिवट आहे.

कुणी म्हणेल मग लांडग्याला मारणं आणि भिंतीवरचं मॉस खरवडणं सारखंच का. नाही, सारखं नाही. लांडग्याला मज्जासंस्था आहे, मेंदू आहे, त्याला दुखतं, भीती वाटते, जोडीदार मेला तर तो बेचैन होतो. मॉसला मेंदू नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसायला निघालेली नाहीये, उलट तुलना केली म्हणूनच तो स्वच्छ दिसतो. पण फरक वेगळा आणि दर्जा वेगळा. दुखतं त्याला दुखवू नये यासाठी त्याला वरच्या पायरीवर बसवायची गरज नाही आणि दुखत नाही म्हणून दुसऱ्याला क्षुद्र म्हणायचीही नाही. मॉसचीच दुसरी एक जात स्फॅग्नम, तिच्या साचलेल्या थरांमधून पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, कितीतरी दलदली बनतात, अशा सगळ्या दलदली मिळून जगाच्या जमिनीचा फक्त ३ टक्क्यांच्या आसपास भाग, पण त्यात जेवढा कार्बन दाबून ठेवलेला आहे तो जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमधल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. ही क्षुद्र वनस्पती उद्या सुकली आणि जळली तर धूर सगळ्यांच्याच नाकात जाईल.

आपल्याकडे माझं मागणं फार नाही. लांडग्याचा फोटो पहिल्या पानावर येतो, यावा, फार देखणा प्राणी आहे आणि त्याच्याबद्दल जितकं लिहावं तितकं कमी. पण विज्ञानाच्या पानावर लिहिताना "खालच्या दर्जाची", "अप्रगत", "आदिम" हे शब्द कृपया काढून टाका. त्या जागी जे आहे ते सरळ लिहा, बीज नसलेली, फूल नसलेली, एकाच संचाची, पाण्यावाचून फलन न होणारी. प्रत्येक वाक्यात माहिती वाढेल आणि कुणाचा अपमानही होणार नाही. आणि शिक्षक मंडळी आपला पेपर वाचतात म्हणून त्यांनाही सांगणं आहे की मुलं अशा विचित्र जोड्या लावतात तेव्हा त्यांना थांबवू नका. ससा आणि गुलाब सगळेच लिहितात. मॉस आणि लांडगा शेजारी ठेवावेसे वाटणं यासाठी दोघांकडेही खूप वेळ बघावं लागतं, आणि त्या मुलीनं बघितलंय, भिंतीशी गुडघे टेकून बघितलंय, मी साक्षीदार आहे.

तिनं तक्ता नव्यानं लिहिलाय, आता सात पानांचा झालाय, आयल रॉयल आणि ग्रॅन्सडेन त्यात आलेत, शुक्राणूंच्या शेपट्यांची चित्रं तिनं स्वतः काढलीत. वरचा-खालचा हा शब्द कुठेच नाहीये. पुरवणीत छापायला हवा असेल तर कळवा, मी स्कॅन करून पाठवते. पहिली ओळ तिनं दातांचीच ठेवलीये.

आपली नियमित वाचक,
एक लॅब असिस्टंट